डेल्मारच्या तीन पिस्तुलांचं मूल्यमापन

७ सप्टेंबर, शनिवार
मानवी संस्कृतीचा ऱ्हास कुठून सुरू झाला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. माझ्या मते तो मक्याच्या जाड्या पिठापासून सुरू झाला. रिव्हॉल्व्हरच्या घरात आधी काळी दारू, तिच्यावर चिमूटभर मक्याचं पीठ, मग शिशाची गोळी, असा क्रम आहे. पीठ बारीकच हवं. डेल्मारने आज नेमबाजीच्या क्लबात रव्यासारखं आणलं. मी निषेध नोंदवला. तो म्हणाला, प्रोफेसर, बारीक पिठाने तरी तुझी गोळी कधी लागली होती.
उत्तर देणं प्रतिष्ठेला शोभलं नसतं. मी पीठ चाळायला घेतलं.
निघताना म्हणाला, घर विकायला काढलंय, ऑक्टोबरात टेनेसीला डार्लीनकडे राहायला जातो. (डार्लीन ही मुलगी.) त्याच्याकडे तीन जुनी पिस्तुलं आहेत. तिन्ही जुन्या काळच्या पिस्तुलांच्या नकला. पण जुन्या नकलांनाही आताशा गिऱ्हाईक असतं. ती मी ओळखून द्यायची, किंमत सांगायची. ते झालं की तो निघायला मोकळा.
संकल्प: आठवड्यात काम संपवणे.
टेनेसीचं मनावर घेण्यासारखं नाही. गेल्या वर्षी तो कॉफीही सोडणार होता.

१० सप्टेंबर, मंगळवार
पिस्तुलं जेवणाच्या टेबलावर मांडली. टेबल सहा जणांचं आहे, अडचण होत नाही.
पद्धत न्यायशास्त्राची: प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. पहिलं एकनळी, सुटे भाग आणून घरी जुळवलेलं. मूठ बटाटा सोलावा तशी तासलेली. किंमत: भावनिक. दुसरं पोलादी रिव्हॉल्व्हर, सुस्थितीत. इटलीतल्या तपासणीचा शिक्का स्पष्ट. त्या शिक्क्याशेजारी बारीक चौकटीत दोन अक्षरं असतात, त्यांवरून साल कळतं. तेही काम मिटलं.
तिसरं पितळी सांगाड्याचं. चौकट झिजलेली. पहिलं अक्षर ए. दुसरं बी, नाहीतर डी, नाहीतर ई. इथे सखोल अभ्यास लागेल.
डेल्मारला फोन केला. तो म्हणाला, शहात्तर साल. देशाचा दोनशेवा वाढदिवस होता, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून नवंकोरं घेतलं, ओपल आठवडाभर बोलली नाही. (ओपल ही पत्नी. चार वर्षांमागे गेली.) मी समजावलं, की शब्द प्रमाण मानायला बोलणारा तटस्थ असावा लागतो. तो म्हणाला, अरे पण मी तिथे होतो. मी म्हटलं, तीच तर अडचण आहे.

१५ सप्टेंबर, रविवार
प्रगती उत्तम. हे पितळी रिव्हॉल्व्हर चव्वेचाळीस कॅलिबरचं आहे. अमेरिकन यादवी युद्धात या घाटाचं जे होतं ते छत्तिसाचं. म्हणजे ही ज्याची नक्कल आहे, ती मूळ वस्तू जगात कधी नव्हतीच. वेदान्त शिकलेल्या माणसाला यात आश्चर्य नाही, पण किंमत ठरवताना पंचाईत होते. सामान्यतः असा माल स्वस्त धरतात. मी घाई करणार नाही.
दुपारी डेल्मार आला. पर्सिमनच्या फळांचं पुडिंग आणलं, ओपलच्या कृतीचं, तळाशी करपलेलं. भिंग घेऊन माझ्याबरोबर दोन तास अक्षर बघत बसला. त्याला डी वाटतं, म्हणाला. मागच्या फोनवर शहात्तर म्हणणाऱ्या माणसाला डी कसं वाटेल? डी म्हणजे अठ्ठ्याहत्तर. साक्षीदार बेभरवशाचा ठरला.
बुधवारीही येतो म्हणाला. कामात व्यत्यय आहे, पण हरकत घेतली नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार
आला. आज त्याला ई वाटतं. मी खिचडी केली होती. दोनदा घेतली, आणि आजारी माणसाचं जेवण झकास करतोस म्हणाला.

२१ सप्टेंबर, शनिवार
क्लबात पितळीची प्रत्यक्ष चाचणी. दारू कमीच घातली, जास्त झाली तर पितळी सांगाडा ताणला जातो. सहा गोळ्यांतली एक लक्ष्यफलकाला लागली. तो शेजाऱ्याचा होता.
डेल्मारने बजावलं, आजच्या आज गरम पाण्याने, साबणाने धू. या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. हे मला सांगायचं! मीच नव्या सभासदांना यावर व्याख्यान देतो.
आधी टिपणं पूर्ण करतो. मग धुतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार
अहवालाची प्रस्तावना लिहिली. त्यात पाणिनी आला, तो येणं अटळ होतं. पिस्तूल धुवायचं आहे. पाणी तापवलं, त्याचा चहा केला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
पिस्तुलाची नळी नारिंगी दिसते. सिलिंडर फिरत नाही.
याला गंज म्हणणं ढोबळपणाचं होईल. जुन्या वस्तूवर काळाचा एक थर येतो, जाणकार त्याचे जास्त पैसे मोजतात. तरी खात्रीसाठी तेलात बुडवून ठेवावं लागेल. तीन-चार आठवडे. मूल्यमापन साहजिकच लांबलं. डेल्मारला फोनवर एवढंच सांगितलं की नवा पुरावा हाती आलाय. तो म्हणाला, बरं.

५ ऑक्टोबर, शनिवार
डेल्मारच्या अंगणातल्या पाटीवर 'विकलं' अशी आडवी पट्टी आली आहे. अशा पट्ट्या चुकूनही लागतात. विचारलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
न कळवता आला. तेलातलं पिस्तूल त्याने पाहिलं. मी काळाच्या थराबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याने बाह्या वर केल्या, माझ्या सिंकमध्ये गरम पाणी सोडलं, जुना टूथब्रश मागितला. मी नवा दिला. बराच वेळ घासत होता. मी शेजारी फडकं धरून उभा.
मग म्हणाला, दोनच विकायची होती, हे तुझ्यासाठी ठेवलं होतं. स्वतःच्याच पिस्तुलाला गंज चढवणारा विद्वान पहिल्यांदा पाहिला.
मी विचारलं, मग किंमत कशाला हवी होती. म्हणाला, नुसतं दिलं असतं तर तू घेतलं नसतंस, आभाराचं भाषण करून परत केलं असतंस.
मी सांगून टाकलं, की ते अक्षर बी आहे, म्हणजे शहात्तरच, पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तो म्हणाला, मला ठाऊक आहे. मलाही कुठे घाई होती. पण डार्लीनने खोली रंगवून ठेवलीय, आणि परवा मी गॅस चालू ठेवून झोपलो. आता जायला हवं, प्रोफेसर.
सिलिंडर फिरला. थोडा अडखळतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार
डेल्मार सकाळी गेला. डार्लीनचा नवरा ट्रक घेऊन आला होता. मी खोकी उचलू लागलो तर माझ्या कंबरेचं निमित्त सांगून डेल्मारने मला पुढच्या सीटवर स्वतःशेजारी बसवलं. ट्रक निघेपर्यंत आम्ही हवामानावर बोललो.
नंतर क्लबात गेलो. गोळी झाडली नाही. लवकर परतलो, कोणाच्या लक्षात आलं नाही.
अहवाल पुरा करण्याचा संकल्प रद्द. एका शनिवारी मी क्लबात दिसलो नाही, तर घरी येऊन दार वाजवणारा माणूस आता या गावात उरला नाही. मला याची भीती वाटते.