अकरा बाटल्यांचा बसप्रवास

तीर्थरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार (पाठीवर पेटी असल्यामुळे जेमतेम अर्धा, उरलेला भेटीत). तुमचे गुडघे, मामींचा चष्मा आणि पंख्याच्या वेगावरून चालणारं तुमचं भांडण, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे.

मागच्या भेटीत तुम्ही चारचौघांत म्हणालात, "एवढं शिकून पोरगी लोकांची थुंकी वाहते!" मामा, थुंकी नाही, बेडका. (थुंकी नेली तर प्रयोगशाळेतल्या बाई ती परत पाठवतात आणि वर मला चार शब्द सुनावतात.) तर मंगळवारी क्षयाच्या तपासणीच्या अकरा बाटल्या घेऊन निघाले आणि मोटारसायकलने भर चढावर मान टाकली. पेटीतला बर्फ दुपारपर्यंतच टिकणार, म्हणून मिळाली ती बस पकडली. शेजारच्या बाईंनी विचारलं, पेटीत मासे का? तुम्हीच लहानपणी खरं बोलायला शिकवलंत (म्हणजे पुढच्या प्रकाराला जबाबदार तुम्ही), म्हणून खरं सांगितलं. मिनिटभरात अख्खी बस रस्त्यावर! ड्रायव्हर तर खिडकीतून उतरला. दार त्याच्या हाताशीच होतं.

मी पायरीवर उभं राहून समजावलं : बाटलीचं झाकण घट्ट, भोवती कापूस, मग पिशवी, मग कडक डबा, मग ही पेटी. इतके कपडे मी थंडीतसुद्धा घालत नाही. कोणी हलेना. उलट कंडक्टर मलाच उतरा म्हणू लागला. मामा, तेव्हा मात्र रडू यायला लागलं. पेटीत एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची बाटली होती. त्यांचा आधीचा नमुना उन्हात खराब झाला होता. दोन तास चालून त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या होत्या, "आता तिसऱ्यांदा नाही जमायचं."

इतक्यात गर्दीतून एक निवृत्त मुख्याध्यापिका काठी टेकत वर चढल्या. "मला झाला होता क्षय. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि त्यानंतर तीस वर्षं शाळा चालवली. या बंद पेटीला कसले घाबरता? न तपासता शेजारी बसून खोकतो, त्याला घाबरा." एवढं बोलून त्यांनी पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली. "चला, रांगेत चढा. बर्फ वितळतोय." आणि मामा, मिशाळ माणसंसुद्धा रांगेत चढली! पुढे प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हर मागे वळून विचारायचा, "ठीक ना?" (मला नव्हे, पेटीला.)

अकराच्या अकरा बाटल्या न गळता, गारच्या गार पोचल्या. प्रयोगशाळेतल्या बाई "छान" म्हणाल्या. पुन्हा म्हणा म्हटलं, तर म्हणाल्या नाहीत. शिवणकामवाल्या बाईंना क्षय निघाला, पण नेहमीच्या औषधांनी बरा होणारा. गुरुवारी गोळ्या सुरू झाल्या. आधी त्या रडल्या, मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मशीन चालवलं तर चालेल ना?"

मोठ्यांना नमस्कार, लहान कोणी आलं असेल तर त्याला गालगुच्चा.

तुमची नमुनेदार भाची

ता. क. ड्रायव्हर खिडकीतून उतरला हे तितकंसं खरं नाही. अर्ध्यावर अडकला होता.

ता. क. दुसरा, आणि पत्राचं खरं कारण : मामींचा फोन आला होता. तीन आठवडे खोकताय, सदरे सैल झालेत आणि "हवा बदलली" म्हणून सगळ्यांना गप्प करताय. सोबत रिकामी बाटली पाठवतेय. शनिवारी सकाळी उठल्याउठल्या चूळ भरा, बाहेर मोकळ्यावर उभे राहा आणि अगदी खोलवरून खोका. नऊला मी दारात हजर. काही निघालंच तर औषध आहे, आणि मीही आहे. बाटलीवर तुमचं नाव लिहिलंय. वयाची जागा मोकळी ठेवलीय. ते मामींना विचारून खरं लिहा.