दीड वीत रुंद रेघ

ता. ४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण चाळीस वर्षं दगड घासायच्या मशीनशेजारी काढून तू कान घालवून बसलास, आता तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे खालच्या मजल्यालाही सगळं कळवायचं. म्हणून पत्र.

नव्या घरातल्या मार्बलला सहा महिने झाले नाहीत तोच त्यावर एक निस्तेज रेघ उमटली आहे. आईच्या पलंगापासून निघते, न्हाणीघराच्या दाराशी जाते, तिथून वळून स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत. एक फाटा माझ्या कामाच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबतो. रुंदी सगळीकडे दीड वीत, फाट्याच्या टोकाला मात्र जरा मोठा चौकोन आहे. घरांचे नकाशे काढणं हाच माझा धंदा, तेव्हा आलेखाच्या कागदावर मापानिशी काढून सोबत पाठवते.

कितीही पुसलं तरी जात नाही. माझा संशय साफसफाईला येणाऱ्या मावशींवर आहे. विचारलं तर खाली मान घालून फडकं पिळत राहिल्या, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. महिनाअखेर त्यांना नको म्हणून सांगणार आहे. पंचवीस तारखेला पॉलिशवाला येऊन सगळी फरशी पुन्हा आरशासारखी करून देईल.

आई म्हणते, फरशीच आहे ती, त्यात काय तोंड बघायचंय? तिला काय जातंय म्हणायला! गेल्या वर्षी जुन्या घरात पडल्यापासून तिला मी एकटीने चालू देत नाही. हाक मार, हात धरून नेते, असं बजावून ठेवलंय. आणखी एकदा घसरलीस तर दिवसभराची बाई ठेवून खुर्चीतच बसवीन, असंही सांगितलंय.

तू दगडातला माणूस. काय ओतलंय ते ओळखून कळव. लोभ आहेच, तो या फरशीच्या चकाकीसारखा उडू देऊ नकोस.

तुझी भाची

*

ता. ९ मार्च

चि. नकाशेवालीस,
अ. आ.

नकाशा मिळाला. मापं चोख आहेत. मार्बल घेताना माझं ऐकलं नाहीस ते उगाळत बसत नाही, थोडंसंच उगाळतो. दुकानात तू दिव्याखाली चकाकी बघत होतीस आणि तुझी आई चपला काढून एकेका नमुन्यावर उभी राहून बघत होती. दुकानदार हसला, तूही हसलीस. न्हाणीघरात खडबडीत सिरॅमिक टाइल्स लावल्यास, तेवढंच काय ते माझं चाललं.

आता रेघ. हे आंबटाचं काम. लिंबू असो, व्हिनेगर असो, मार्बलला दोन्ही सारखंच. डाग वर बसलेला नसतो, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो, म्हणून पुसून जात नाही. सिरॅमिकच्या टाइलने एवढ्याने हूं की चूं केलं नसतं. मार्बलला कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे चार थेंब, बाकी काही लावू नये.

पण फरशी पुसणारा हात अर्धगोल फिरतो. असा सरळ जाऊन काटकोनात वळणारा हात मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. तेव्हा मावशींना काढू नकोस आणि पॉलिशवाल्यालाही नुसतं थोपवून धर. कारण आत्ता विचारू नकोस. मला आधी तुझ्या आईला पत्र लिहायचंय.

आशीर्वाद माझे, अक्कल तुझी तू वापर.

मामा

*

ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चोर पकडलास, शाबास. ते मीच केलं.

तू कामाला लागलास त्या पहिल्या आठवड्यात मालकाच्या मार्बलवर लिंबू पिळलं गेलं आणि त्याने तुझ्या नावाने शंख केला, ते घरी येऊन रडत सांगितलं होतंस. आंबटाने चकाकी गेली की दगड खरबरीत होतो, एवढं माझ्या डोक्यात राहिलं. इथे आल्यावर मी दोनदा घसरले. एकदा पलंगाची कड धरली, एकदा ओट्याची. पोरीला सांगितलं असतं तर तिने मला खुर्चीत बसवलं असतं, आणि मग मी परत उठले नसते. मला भीती वाटते रे, पडण्याचीही आणि बसून राहण्याचीही. बसून राहण्याची जास्त.

मग ती बाहेर गेली की व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं फरशीवर पसरायचं, शंभर आकडे मोजायचे, साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यायचं. दिवसाला तीन-चार फूट. बसून करणं सोपं, पण उठायला वेळ लागायचा. महिनाभर चाललं होतं. आता पाय ठरतो. वाटेल तेव्हा उठते, आपल्या हाताने पाणी घेऊन पिते. एवढ्यात किती सुख आहे ते तुला अजून कळायचं नाही.

बाटली मावशींनीच आणून दिली, नळावरचा पांढरा थर काढायला म्हणून. पुढचं सगळं त्यांनी पाहिलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. त्याची लाज वाटते.

पोरीने एकेक लादी निवडून हौसेने हे घर केलं. तिच्या फरशीवर मला चालवत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? तूही सांगू नकोस. पण मावशींचं काम जाता कामा नये आणि माझी वाटही. कसं ते तू बघ. लहानपणी तुला कितीदा वाचवलंय ते मी काढत नाही.

माया होती तशी राहू दे.

ताई

*

ता. १८ मार्च

चि. नकाशेवालीस,
अ. आ.

गुपित माझं नाही, म्हणून सांगता येत नाही. पण एक काम सांगतो. चपला काढ, तळवे ओले कर आणि आईच्या पलंगावर बस. तिच्यासारखीच सावकाश उठ. आधी रेघेच्या बाहेरून चालून बघ, भिंतीला हात पोचेल एवढ्या अंतरावर राहा. मग रेघेवरून चाल, शेवटपर्यंत, फाट्यासकट. तुला फरशी डोळ्यांनी बघायची सवय आहे. आम्ही ती पायाने बघतो.

मग पॉलिशवाल्याला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पडू नकोस म्हणजे झालं.

मामा

*

ता. २३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चालले. बाहेरून तिसऱ्याच पावलाला पाय सटकला, भिंत होती म्हणून वाचले. रेघेवरून कशालाही न धरता गेले. पलंग, न्हाणीघर, ओटा. ओट्यापर्यंत पोचायच्या आतच कळलं वाट कोणाची ते. लोक घरात कुठून कुठे जातील हे मी रोज कागदावर ठरवते, आणि माझ्याच घरातली वाट मला डाग वाटली.

फाट्याचं मात्र कळलं नव्हतं. त्याच्या टोकाच्या चौकोनावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिले. तिथून माझं टेबल दिसतं, दिवा दिसतो आणि माझ्या खुर्चीची पाठ दिसते. आईला विचारलं. म्हणाली, अधूनमधून येते, जरा वेळ उभी राहते, तुझं काम चाललेलं दिसलं की परत जाते. नुसतं उभं राहायचं तर पायाला जागा जास्त लागते, म्हणून चौकोन. अगदी बाजारहाट सांगावा तशा आवाजात सांगितलं. ती अनवाणी असते, मला कधी चाहूलही लागली नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मावशींची माफी मागितली. त्यांनी एवढंच म्हटलं, की व्हिनेगरचा वास महिनाभर घरात होता, मला सर्दी असेल असं त्यांना वाटलं. मला सर्दी नव्हती.

पॉलिशवाला पंचवीसलाच येतोय, पण चकाकी उतरवायला. सगळी फरशी मॅट. म्हणाला, आणायला सगळे बोलावतात, घालवायला पहिल्यांदाच कोणी बोलावलं. पलंगापाशी आणि ओट्यापाशी आधाराच्या दांड्या बसवून घेते. दिवसभराच्या बाईचा विषय संपला.

पण पंचवीसपर्यंत माझ्याने थांबवलं नाही. काल उरलेलं व्हिनेगर घेऊन मी गुडघ्यांवर बसले आणि आई शेजारी बसून आकडे मोजत होती. शंभरच्या आत फडकं उचललं की ओरडायची. माझ्या दारापासून टेबलापर्यंत सात फूट झालं, दीड वीत रुंद, मापात चूक नाही. खुर्चीही फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली आहे.

लोभ ठेवतोसच, आता थोडा जास्त ठेव.

तुझी भाची