चौतीस वर्षांचा डोस

३ जानेवारी, शनिवार

यादी आली म्हणे! अणुवीज प्रकल्पासाठी ज्या जागा तपासायच्या आहेत, त्यात आपल्या भंडारा जिल्ह्यातली एक – वैनगंगेकाठची. सुगतनं मोबाईल नाकासमोर धरला. "बाबा, पाहा! आपल्याइथं येऊन राहिली अणुभट्टी!" यादी कुणाची, सही कुणाची, काही पत्ता नाही. पण पाच वाजेपर्यंत अंगणात नऊ माणसं जमली. का, तर अख्ख्या शहापुरात अणुवीज केंद्रात काम केलेला मी एकटा. चौतीस वर्षं मेंटेनन्सला. पंपाची सीलं, व्हॉल्व्ह, गळती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तू तिथं काय करत होतास असं कुणी विचारलं नव्हतं. आज बायकोनं, पार्वतानं, तीनदा चहा ठेवला. तिसऱ्या वेळी भांडी जरा जोरात आपटली.

खोटं कशाला बोलू – बरं वाटलं.

५ जानेवारी

तुलाराम आला. शाळेपासूनचा दोस्त, ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "एकच सांग. पाणी गरम होऊन नदीत येते का नाई?"

"येते. पण किती गरम चालते ते ठरलेलं असते."

"मासोळीले विचारून ठरवलं का?"

मला हसू आलं, त्याला नाही. मग माझी गाडी सुटली – कोळसा किती जळतो, राख कुणाच्या शेतात पडते, धूर कोण खातो, त्या मानानं अणू किती स्वच्छ. खरंच आहे ते. मी मनापासून बोलतो. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तू तं रेडिओवानी बोलून राहिला बे." गेला. चहा न घेता! पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

८ जानेवारी

आज दोन पाहुणे.

सकाळी नागपूरचे विरोधवाले – एक मुलगी आणि एक दाढीवाला. दाढीवाल्यानं दोन डोक्यांच्या वासराचा फोटो दाखवला. मी विचारलं, हे वासरू कुठलं? माहीत नाही म्हणाला. अरे मग! मुलगी हुशार होती. तिनं वासराचं नाव काढलं नाही. कचऱ्याचं विचारलं – वापरलेलं इंधन किती वर्षं सांभाळावं लागतं, सांभाळणार कोण? मी उत्तर दिलं, पण 'कोण' तेवढं गाळून.

चार वाजता प्रकल्प आणणाऱ्या कंपनीचे साहेब. "आनंदरावजी, किरणोत्सर्ग तर केळ्यातही असतो!" असं म्हणून आमच्याच घरचं केळं सोलून खाल्लं. मी म्हटलं, साहेब, मी चौतीस वर्षं आत होतो, मला केळं नका शिकवू.

एकाला गाव घाबरवायचं आहे, दुसऱ्याला झोपवायचं आहे. राग दोघांचाही आला. आणि दोघांनाही गावच्या सभेत मीच बोलायला हवा – १८ तारखेला, शाळेच्या पटांगणात. दोघांनाही हो म्हणून बसलो. असा मी!

९ जानेवारी

भाषणाचे मुद्दे काढले. फाडले.

११ जानेवारी, रविवार

सुगतनं ट्रंक उपसून माझं डोसचं कार्ड शोधलं. आत काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं, आणि ते कार्डावर चढतं. वर्षाची हद्द ठरलेली. तिथवर आलं की 'डोस भरला' म्हणायचं आणि आतलं काम बंद. कायमवाल्याला बाहेरचं काम देतात. कंत्राटवाल्याला घरी पाठवतात. माझ्या कार्डावर हद्द एकदाही ओलांडलेली नाही. चौतीस वर्षांत!

सुगतनं फोटो काढून साहेबांना पाठवूनही टाकला. मला न विचारता. साहेबांचा लगेच फोन – "सभेत पडद्यावर मोठं करून दाखवू या!"

पोरगा इतका खूश मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. पस्तिशीचा झाला. आयटीआय फिटर, आणि हायवेवर झेरॉक्सचं दुकान घेऊन बसलाय, मशीनवर फडकं टाकून. स्थानिकांना आधी कंत्राटावर घेऊ असं साहेबांनी त्याला म्हटलंय. "बाबा, तुमी फक्त उभे राहा. तुमची तब्येतच बोलते."

कार्ड परत ट्रंकेत टाकलं, तळाशी.

१२ जानेवारी

लिहूनच टाकतो. इथे नाही तर कुठे!

कार्ड खोटं आहे. सगळं नाही – शहाण्णव सालचं. केंद्र दुरुस्तीसाठी बंद होतं. आतल्या एका मोठ्या पंपाचं सील बसत नव्हतं. माझा डोस भरत आला होता, म्हणून दुसरे दोघे पाठवले. दोघांनी बिघडवून ठेवलं. तेव्हा मी बिल्ला काढून कपाटात ठेवला आणि आत गेलो. तीन दिवस. मला कुणी सांगितलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी पाहिलंही नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

का केलं? पैशासाठी नाही. माझ्यासारखा हात कुणाचा नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. माज! दुसरं काही नाही.

किती डोस घेतला? माहीत नाही. कधीच कळणार नाही. मी ठणठणीत आहे, पण त्यामुळे कार्ड खरं होत नाही. आणि तेच कार्ड आता पडद्यावर लावून लोकांना सांगणार – घाबरू नका.

ते सील पुढे सहा वर्षं गळलं नाही. हे लिहितानाही छाती फुगते. काय माणूस आहे मी!

१४ जानेवारी

मंदाबाई तिळगूळ घेऊन आली. तुलारामची बायको. दरवर्षी दोघं येतात, आज एकटीच. "ते तलावावर गेले," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

ती गेल्यावर पार्वताला सगळं सांगितलं. ती वांगी चिरत होती. हात थांबला नाही.

"मले माहीत होतं, काहीतरी झालं मनून."

"कसं?"

"सुगतले तीन दिवस मांडीवर नाई घेतलं तुमी. पोरगं पाय धरून रडून राहिलं होतं अन् तुमी दारात उभे."

मी विसरलोच होतो! पाच वर्षांचा होता तो. शास्त्रानं त्याला काही अर्थ नव्हता. माणूस धुऊन, तपासून बाहेर येतो, त्याच्यापासून लेकराला काही होत नाही. हे मला पाठ होतं. नव्या पोरांना मीच समजावून सांगायचो. तरी घेतलं नाही.

"मंग आता सांगून टाका लोकाइले," पार्वता म्हणाली.

"अन् सुगत? त्याची नोकरी?"

आता मात्र हात थांबला. मग म्हणाली, "त्याले का म्हनाचं ते म्हनन तो. पन तुमी तिथं खोटं उभे नका राहू."

माझ्यात तिच्या निम्मंही धाडस नाही.

१६ जानेवारी

सुगतनं माझा पांढरा सदरा इस्त्री करून आणला. सांगायला तोंड उघडलं आणि "छान झाली इस्त्री" म्हटलं.

१७ जानेवारी

पोट बिघडलं. उद्या न जायला चांगलं कारण आहे. पार्वतानं ओवा दिला. म्हणजे जावंच लागणार.

१८ जानेवारी, रविवार

गर्दी बरीच होती. बाया पुढे, सोसायटीची माणसं मागे, तुलाराम कडेला झाडाला टेकून. साहेबांनी कार्ड लावलं – दारापेक्षा मोठं! टाळ्या पडल्या. सुगत सगळ्यात जोरात वाजवत होता.

माईक हातात आला. म्हटलं, अणूची वीज चांगली आहे, हे मी आजही म्हणतो. ते वासरू खोटं आहे. आणि हे कार्डही खोटं आहे.

मग सगळं सांगितलं. शहाण्णव, सील, कपाट. सुगतकडे न बघता. साहेबांनी पडदा बंद केला. दाढीवाला उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. त्याला म्हटलं, खाली बस, मी तुझ्या बाजूला आलेलो नाही! मग गावाला म्हटलं, प्रकल्प हवा की नको ते तुम्ही ठरवा. पण आधी हे विचारा – बिल्ला तपासणार कोण? डोस भरलेल्या माणसाला घरी बसवलं तर त्याचा पगार चालू राहील का? नाही राहिला, तर तो बिल्ला काढणारच. मी तर नुसत्या माजापायी काढला होता, त्याला पोट आहे.

खाली उतरलो तर तुलाराम शेजारी येऊन बसला. तंबाखू मळली, अर्धी मला दिली.

सुगत मधूनच उठून गेला होता. घरी आला तो थेट खोलीत गेला. जेवला नाही. त्याची नोकरी मी भर सभेत बुडवली असं त्याला वाटत असणार. वाटू दे. उद्या शिव्या देईल, ऐकून घेईन.

१९ जानेवारी

सकाळी सुगत अंगणात माझ्याजवळ येऊन बसला. शिव्या नाहीत. आवाज अगदी मऊ.

"बाबा, डोस भरला का कंत्राटवाल्याले घरी पाठवते ना?"

"हो."

"अन् बिल्ला कपाटात ठेवला तं सालभर काम भेटन?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो माझ्यावर रागावलेलाच नव्हता. विचारत होता, "कपाटाची झडती घेते का कोनी?"