वाकडा धुरा

९ जून १९३६, लेह

खोटं लिहिलं! आज टपालात बाबाला कार्ड टाकलं — "दादाला सगळीकडं शोधलं. नाही सापडला. आखाडीच्या पुनवेला विधी उरकून घ्या." शोधायला अजून निघालोसुद्धा नाही. उद्या निघायचं. पण इथून पुढं टपाल नाही, आणि आखाडीच्या आत खबर पाहिजे असं बाबाचं सांगणं. मग काय करणार? — हे कारण माझं मलाच पटत नाही.

१० जून

मनिरामदादा बारा वर्षांपूर्वी सरकारी जमीनमोजणीच्या तुकडीत खलाशी, म्हणजे सामान वाहणारा गडी, म्हणून याच वाटेनं गेला. खाऱ्या तळ्यापाशी आजारी पडला, मागे राहिला. मोजणीच्या साहेबाच्या कागदात एवढंच. यंदा पुन्हा मोजणी निघाली, म्हणून मी मोजायची साखळी ओढायच्या कामाला लागलो.

बारा वर्षं खबर नसली की पळसाच्या पानांचा माणूस करून जाळायचा, सुतक धरायचं. गावी बिरसीला माय पानं गोळा करून बसली आहे. शामकलावयनीच्या बांगड्या त्या दिवशी फुटतील. आणि मग पाट — माझ्याशी. माझी बायको बाळंतपणात गेली. घरचे म्हणतात, घरची बाई घरातच राहील.

निघताना वयनी एवढंच बोलली, "पाहून या भाऊजी. पन खरं सांगजा."

मला आवडते ती. लिहून टाकलं, बस.

१४ जून

भात शिजत नाही! पाणी खळखळ उकळतं अन् तांदूळ दाताखाली कचकच. धानाच्या मुलखातला माणूस मी, आणि भाताविना मरायची पाळी! नोरबू घोडेवाला पोट धरून हसला. "यहाँ चावल नहीं पकता, सत्तू खाओ."

तारीख बहुतेक १९

डोकं ठणकून राहिलं. दहा पावलं टाकली की बसावं लागतं. उन्हात पाठ भाजते, सावलीत बोटं बधिर. कुठं एक झाड नाही! समोर पाणी दिसलं म्हणून धोतर खोचून पळालो — मीठ. कोसभर कोरडं पांढरं मीठ. साखळी मोजताना वीस झाल्या की तीस तेच विसरलो. साहेब ओरडला.

दादा सापडावा असं वाटतं. लगेच वाटतं, नको सापडू. मी कसला भाऊ?

२३? २४?

मीठ.

कोण जाणे कितवी

तळ्याकाठी पोचलो. इथले लोक मीठ नुसतं खरवडतात आणि मेंढ्यांच्या पाठीवर लादतात. तंबू ठोकून जरा पुढं गेलो तर — बांध्या! खरोखरच्या बांध्या! मातीचे धुरे, म्हणजे बांध, घालून तळ्याचं पाणी मीठ धरायला आत घेतलेलं, आपल्याकडं धानात घेतात तसं. आणि प्रत्येक धुरा कोपऱ्याजवळ आत वाकवलेला, पाण्याच्या जोरानं फुटू नये म्हणून.

बिरसीत लोक बाबाला हसतात, "केशोरावचा धुरा अन् कुत्र्याची शेपूट, सारखीच!" आमच्या घरच्यांशिवाय असा धुरा कोणी घालत नाही.

हात लावून पाहिला. माती ओली होती.

नोरबूला विचारलं, कोण करतो हे? "एक लंगड़ा है. हर साल बनाता है."

मी तिथंच बसलो. आनंद झाला? झाला. पण रडू आलं ते कशाचं, सांगता येत नाही. कार्ड आठवलं.

दुसरा दिवस

दादाच! अंगावर मेंढीचं कातडं. दोन्ही पायांची बोटं थंडीनं गळालेली. त्यानं मला ओळखलं नाही. "मनिरामदादा" म्हटलं तसं हातातलं फावडं पडलं.

"बिसराम? एवढा झाला रे तू!" आणि लगेच रोपांची चौकशी, "धानाचे पऱ्हे टाकले का?"

मी भांडलोच. बारा वर्षं खबर नाही, काऊन?

"मले लिहता येते का? पायानं घाट चढवत नाही. पयल्या साली दोघाच्या हाती निरोप धाडला, वाट पाहून राहिलो. कोनी आलं नाही. मंग समजलो, विसरले."

मग फावडं उचलत म्हणाला, "शामकलानं पाट लावला असन?"

मी म्हटलं, नाही. तेवढंच म्हटलं.

आज

दिवस बुडताना चांद वर आला, पुरा गोल. म्हणजे आज आखाडी! तिकडं पळसाच्या पानांचा दादा जाळून झाला असेल. इथं दादानं माझ्या पिशवीतला तांदूळ चुलीवर ठेवला, झाकणाला कडेनं सातूचं पीठ थापलं, वर दगड ठेवला. भात मऊ शिजला.

"खा," म्हणाला. "तुमचे घोडे हायेत ना आता. सांग, घरी कवा निघाचं?"