तांबड्याच्या खालचा दगड

आबा, तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होता तोवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि जे लिहायचं होतं ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जायला मला नको होतं. तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं होतील. आता ती अडचण उरली नाही, तरी लिहिताना हात कचरतोच आहे.

तुंगार्लीच्या वरच्या अंगाला आपली वाडी आणि वाडीच्या बगलेला ती दगडाची खाण. पावसाळ्याचे चार महिने खाणीचं तळं होई. धुक्यात समोरचा माणूस दिसत नसे, चुलीवर धरल्याशिवाय कपडा वाळत नसे. दसऱ्यानंतर पाणी उपसून काम सुरू व्हायचं, आणि होळी येईतो तोच डोंगर असा सुकायचा की गवत पायाखाली कडकड मोडे. तरी वाडीखालचा झरा मात्र वाहतच असे. खाणीत वर काळा कातळ आणि त्याच्याखाली हातभर जाडीचा तांबडा, मातकट थर. तांबडं दिसलं की पहार खाली ठेवायची, ही खाणीचे मुकादम म्हणून तुमची रीत. वाडीतल्या बाया येऊन ती तांबडी माती भिंती सारवायला पाटीनं घेऊन जायच्या आणि तुम्ही माणसांना घेऊन बाजूला नवा दगड धरायचात. खाणीवरची माणसं सगळी बाहेरगावची, तीसुद्धा तुमच्या हाताखाली हे मुकाट्यानं पाळत.

मग मी पुण्याहून भूगर्भशास्त्र शिकून आलो. मुकादमाचा मुलगा, वाडीतला पहिला पदवीधर, डोक्यात हवा भरपूर. वरचा दगड संपत आला होता, आणि नवी जागा धरायची तर गाड्यांचा रस्ता वळवावा लागणार होता. ठेकेदारानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "साहेब, तुम्ही शिकलेले. ह्या तांबड्याच्या खाली काय असेल?" जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला साहेब म्हणालं होतं. मी म्हणालो, "याहून चांगला दगड." तुम्ही हळूच म्हणालात, "तांबड्यावर पानी बसतंय. ते फोडलं की पानी गेलं." मी हसलो. "आबा, ती जुन्या लाव्ह्याखाली भाजलेली माती आहे. तिच्यात काय देव बसलाय?" माणसंही हसली. पण पहार उचलायला एकही पुढं येईना. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "तू शिकल्यालास. तुला म्हाईत आसंल." मग सुरुंगाचं भोक तुम्ही स्वतः मारलंत. मला तेव्हाही कळलं होतं, आबा. माझा शब्द चारचौघांत खाली पडू नये म्हणून तुम्ही पहार उचललीत.

खालचा दगड खरंच उत्तम निघाला. माझं तेवढं बरोबर होतं. मी दगड शिकलो होतो, पाणी शिकलोच नव्हतो.

पुढच्या वर्षी पाऊस नेहमीसारखा धो धो पडला आणि संक्रांतीला झरा आटला. बाया हंडे घेऊन खालच्या तलावावर जायला लागल्या. ठेका संपून खाणीवरची माणसं तोवर आपापल्या गावी पांगली होती, त्या दिवशीचं माझं बोलणं ऐकलेलं वाडीत कुणी नव्हतं. देवळासमोर वाडी बसली. कुणीतरी विचारलं, "तांबडं कुनी फोडलं?"

"म्या. भोक म्या मारलं."

"आबा, तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं व्हतं."

मी खांबाला टेकून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. त्याआधी कुणाच्याही घराचा पाया खणायचा तर पहिला घाव तुमचा असे. त्यानंतर तुम्हाला कुणी बोलावलं नाही. शेजारी पाया खणत असताना तुम्ही ओट्यावर बसून नुसता घावांचा आवाज ऐकत होतात. मला लाज वाटली आणि आठवड्याभरात मी नोकरीवर निघून गेलो.

नोकरी विदर्भातल्या उघड्या कोळसा खाणीवरची. तिथं सगळंच उलटं. आपल्याकडं डोंगर फोडून खड्डा करतात, तिथं सपाट रानात खड्डा करून बाजूला मातीचे डोंगर उभे करतात. वर काळी माती, खाली पिवळट वाळूचा दगड आणि त्याच्याखाली कोळसा. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर काळी धूळ उडते, लोखंडाला हात लावता येत नाही. त्या वाळूच्या दगडातून पाणी मात्र सतत पाझरतं. ते पंपानं उपसत राहिलं की आसपासच्या विहिरी खाली जातात. एकदा एक म्हातारी कचेरीत आली आणि विहीर का आटली म्हणून विचारू लागली. वरचा साहेब पाऊस कमी झाल्याचं सांगत होता. मी त्याच्यासमोरच म्हणालो, "मावशी, तुमचं पाणी आमच्या खाणीनं ओढलं." साहेब चिडला. मी दोन दिवस छाती काढून फिरलो. परक्या गावात खरं बोलायला मला काहीच जड गेलं नाही.

हा कागद वाडीतल्या कुणाला तरी वाचायला द्यावा, असं लिहायला बसताना मनात होतं. देणार नाही, हे आता कळतंय. कारण गेल्याच महिन्यात मी वाडीत गेलो होतो. एक तरुण पोरगा माझ्याबरोबर खाणीच्या काठापर्यंत आला आणि खाली बोट दाखवून त्यानं विचारलं, "काका, हे तांबडं तुमच्या आबांनीच फोडलं ना? म्हातारी मानसं सांगत्यात." त्याच्या विचारण्यात राग नव्हता. भोवती दुसरं कुणी नव्हतं. याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळायची नाही.

मी म्हणालो, "हो. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक."