घोंगडीवरची सहापट जकात

वालूरजवळची वाडी,
मे १९८६

सन्माननीय व्याही सूर्यभानराव यांस रायभानचा रामराम. विहीणबाईंच्या गुडघ्यांना आराम पडला असावा. आमची लेक म्हाळसा तुमच्या घरी सुखात असंल अशी उमेद धरतो. इकडं आमी बरे हाओत असं लिहायचा दस्तूर हाय, पर आमी बरे न्हाई, आणि त्याचं कारण तुमीच.

तुमी नगरपालिकेत निवडून आलात तवा वाडीत पेढे आमीच वाटले. आता कळलं, बाहेरून येणाऱ्या घोंगडीवरची जकात सहापट करायचा ठराव बी तुमीच मांडला. (तुमच्या दुकानातल्या यंत्राच्या ब्लँकेटला मात्र माफी, कारण दुकान गावातलं.) गावचा धंदा वाचवायचाय म्हणं. वाचवा. पर आमच्या वाडीत मेंढरं, लोकर आणि घोंगडी सोडून दुसरं हाय काय? पावसाळ्याच्या तोंडाशी माल खपला तरच वर्ष निघतंय.

मागल्या महिन्यात मी आठ घोंगड्या डोक्यावर घेऊन तुमच्या नाक्यावर आलो. कारकून म्हणाला, “जकात मालावर हाय, अंगावरच्या कपड्यावर न्हाई.” माझं डोकं फिरलं. आठच्या आठ घोंगड्या तिथंच अंगावर चढवल्या. चैत्राचं ऊन, आणि मी लोकरीत. (मेंढरांची निदान कातरणी तरी होती.) कारकून बघतच राहिला. मी ताठ मानेनं बाजारात शिरलो आणि नेमका तुमच्या दुकानासमोर चक्कर येऊन पडलो. तुमच्या नोकरानं तोंडावर पाणी मारलं, त्याचे उपकार. पर तो गिऱ्हाइकांना सांगत होता, “बघा, गावठी घोंगडीनं माणसं पडायलीत.” त्या दिवशी एक बी घोंगडी खपली न्हाई. घरी आल्यावर दोन गाभण मेंढ्या विकल्या. म्हाळसाची आई भिवराबाई दिवसभर जेवली न्हाई.

मग वाडीनं पारावर बसून ठरवलं, तुमच्या गावचं काय बी आत येऊ द्यायचं न्हाई. चहा, साबण, काडीपेटी, सगळं बंद. (ही अक्कल माझीच.) तुमच्या गावाला त्याचा पत्ता बी न्हाई. इकडं भिवराबाई शेजारणीच्या चुलीतून विस्तव आणायलीय, राखेनं धुणं धुवायलीय, आणि तुमच्यावरचा राग माझ्यावर काढायलीय. तुमी दार लावलं तर मार आमाला, आमी लावलं तरी मार आमालाच. तुमी याला ठराव म्हणता. आमी जुलूम म्हणतो, आणि तुमच्या तोंडावर म्हणायची आमची तयारी हाय.

लिहिण्यात काही जास्त झालं असंल तर ते मुद्दाम केलेलं समजावं.

लेकीकडं बघून नरमाईनं लिहिणारा,
रायभान

ता. क. म्हाळसाला माहेरी धाडाल तवा लुगड्याच्या घडीत चहाचा एक पुडा घालावा. वाडीत कोणाला दिसू नये.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. वढ्यापलीकडच्या वस्तीवरला ग्यानबा आमच्यापेक्षा स्वस्त घोंगड्या आणून आमच्याच वाडीत विकायलाय. गरीब माणूस हाय, बायको आजारी असती, पर आमचा धंदा बी वाचला पाहिजे. किती जकात ठेवली म्हणजे असला माणूस पुन्हा फिरकत न्हाई, तेवढं तुमच्या अनुभवानं उलटटपाली कळवावं.