हर्निया पुन्हा झालेले रुग्ण : शून्य

४ मार्च

वरच्या कार्यालयाचा तक्ता आला. दोन वर्षांत हर्नियाची किती ऑपरेशनं केली, त्यांतल्या किती जणांना पुन्हा झाला. पहिल्या रकान्यात बेचाळीस लिहिलं, दुसऱ्यात शून्य. सही ठोकली.

सिस्टरने पाकिटात घालण्याआधी वाचलं. म्हणाली, "शून्य कसं, डॉक्टर? परत कुणी आलं नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे."

म्हटलं, त्रास झाला असता तर आले असते. तिने पाकीट टेबलावर ठेवून दिलं.

६ मार्च

पाकीट अजून टेबलावरच. चिकटवलेलं नाही. विचारलं, तर म्हणे डिंक संपलाय.

९ मार्च, रविवार

शेवटी जीप काढली. सिस्टर, मी आणि यादी. जवळचे सहा जण गाठले. शाळेचा शिपाई ठणठणीत. वीटभट्टीवरचा मुकादम ठीक, व्रणसुद्धा शोधावा लागला. मग लाकूडतोड्या. खोकायला सांगितलं. खोकला, आणि व्रणाच्या शेजारी माझ्या बोटाखाली गाठ चटकन वर आली.

"कधीपासून?"

"झाले असतील सहा-सात महिने."

"मग आला का नाहीत?"

कपडे सारखे करत म्हणाला, "एकदा केलंत की तुम्ही."

म्हणजे माणसाला एकदाच मिळतं, असा त्याचा समज. घरी येऊन अंघोळ केली, झोपलो.

१६ मार्च

नदीपलीकडची दोन गावं. पार नेणारा नावाडी हाच यादीतला सतरावा. निम्म्या पात्रात वल्हं थांबवून त्याने जांघ दाबून धरली. आम्ही पाहतोय हे कळल्यावर पाण्याकडे बघत राहिला. काठावर उतरून झुडपाआड तपासला. लिंबाएवढी गाठ, दाबली की आत जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा करून बांधला होता. काम सफाईदार. आमच्या भांडारातले पट्टे इतके नीट बसत नाहीत.

"अहो, मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही त्या दिवशी तासभर उभं राहून केलंत. पुन्हा झालं म्हटल्यावर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

येताना त्यानेच परत आणून सोडलं.

२३ मार्च

यादी संपली. बेचाळीसपैकी चौतीस भेटले, बाकीचे कामासाठी बाहेरगावी. चौतीसपैकी नऊ जणांना पुन्हा झालाय.

सिस्टरने ऑपरेशनची नोंदवही शेजारी ठेवली. नवातले आठ जण जाळी संपल्यानंतरचे. आतून लावायची जाळी गेल्या वर्षी संपली, तेव्हापासून मी नुसते स्नायू ओढून शिवत होतो. त्यात बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात ओझं उचलायला लागले. हे कारण मला बरं वाटलं. नववा मात्र जाळी असतानाचा. त्या दिवशी सहा ऑपरेशनं केली होती, तो सहावा. तिथे घाई माझीच.

तक्ता नव्याने लिहिला. नऊ. खाली एक ओळ – जाळी पाठवा.

२४ मार्च

पाकीट गेलं. डिंक सापडला.

१८ एप्रिल

जाळ्या आल्या. बारा. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. इतक्या लवकर! सिस्टरने दोनदा मोजल्या आणि कपाटाला कुलूप लावलं.

२१ एप्रिल

निरोप पाठवला होता, नावाडी आला. बायकोही सोबत. म्हटलं, पुन्हा करू, या वेळी जाळी लावून. पण आठ आठवडे वल्ह्याला हात लावायचा नाही.

"मग नाव?" तो म्हणाला. "पलीकडच्यांनी यायचं कसं?"

मी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने माझ्याकडे. तेवढ्यात बायको म्हणाली, "मी चालवीन." एखादीने पाणी आणते म्हणावं तशी. तो कुरकुरला, तुला कुठं जमतंय म्हणाला. ती म्हणाली, "लग्नाआधी कोण चालवत होतं? बापाची नाव होती ती."

प्रश्न मिटला. शुक्रवार ठरवला. असे प्रश्न इतक्या चटकन मिटतात, हे मला माहीत नव्हतं.

२५ एप्रिल

नावाड्याचं ऑपरेशन. एक तास चाळीस मिनिटं. जुन्या जागी सगळं एकाला एक चिकटलेलं. आत काळे धागे दिसले – माझेच टाके. गाठी सुटल्या नव्हत्या, जशाच्या तशा पक्क्या होत्या. स्नायू ताणून बांधलेला, तो कापत कापत बाहेर आल्या होत्या. चिमट्याने एकेक काढून वाटीत ठेवले. सिस्टर म्हणाली, "फेकू?" म्हटलं, फेक.

जाळी नीट बसली. ताण नाही.

५ मे

टाके काढले. जखम कोरडी. विचारलं, नाव कशी चाललीय?

"माझ्यापेक्षा बरी. लोक म्हणतात, हिच्या हातात कमी डुलते." तोंड पाडून सांगितलं, पण खूश होता.

३० मे

नवातले सात झाले. लाकूडतोड्याने तारीख दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा सिस्टर जीप घेऊन गेली आणि त्याला उचलूनच आणलं. प्रत्येकाला तेच बजावतो – आठ आठवडे. आता लोक ऐकतात. वरच्या कार्यालयाला समाधानकारक प्रगती असं कळवलं.

१९ जून

काही विशेष नाही.

२० जून

आठ आठवडे पूर्ण. नावाड्याला खोकायला लावलं. पक्कं. उद्यापासून नाव तुमची, म्हटलं. तो कपडे घालून बाहेर गेला. बायको दारातच थांबली. दार लोटून घेऊन म्हणाली, "आता मला बघा."

डाव्या जांघेत. गाठ कठीण, आत जात नाही. किती दिवसांपासून? धाकटीच्या वेळेपासून, सहा वर्षं. वल्हं हातात घेतल्यापासून वाढली.

"मागे आलात तेव्हा मी समोर होतो ना. का नाही बोललात?"

"तुम्ही यादीतल्यांना विचारत होतात."

यादीत बेचाळीस नावं. सगळी पुरुषांची. आठ आठवडे विश्रांती मी लिहून दिली, ती हिने वल्हवली.

उद्या सकाळी पहिली तिलाच घेतोय.